चू. भू. द्या. घ्या. छापलं म्हणून सुटलात का?

ऑफरच्या जाहिराती कशा लिहायच्या, यावरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, हँडबिलात किंमत चुकून कमी छापली गेली, तर त्या किमतीला माल द्यायचा का?" कोणी फ्लेक्सबद्दल विचारतं, कोणी व्हॉट्सअॅप कॅटलॉगबद्दल, पण दुखणं तेच. व्हिडिओत मी यावर जेमतेम दीड मिनिट बोललो होतो आणि तेवढ्यानं भागलेलं नाही असं दिसतंय. म्हणून आज नीट लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या किमतीवर साध्यासरळ गिऱ्हाइकाचा विश्वास बसू शकतो, ती किंमत तुमची. चूक प्रिंटरची असो, पोरानं टाइप करताना केलेली असो, ती तुम्ही पाळायची. ज्या किमतीकडे बघून गिऱ्हाईकच हसेल, ती पाळायची गरज नाही. पण तिथेही नकार द्यायचा तो पैसे घ्यायच्या आधी. पैसे घेतले, बिल फाडलं, की पुढचं नुकसान तुमचं.

आता हे का म्हणतो ते.

बऱ्याच दुकानदारांना वाटतं, हँडबिलाच्या तळाशी बारीक अक्षरात "चू. भू. द्या. घ्या." छापलं की आपण मोकळे. शब्द बघा की जरा. चूकभूल द्यावी घ्यावी. त्यात 'द्यावी' पण आहे. हिशेबात तुमच्याकडून कमी लागलं तर गिऱ्हाइकानं आणून द्यावं, जास्त लागलं तर तुम्ही परत करावं, असा तो दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे. जुने व्यापारी बिलावर ते लिहायचे तेव्हा तसं वागायचेही. आपण त्यातलं फक्त सोयीचं अर्धं उचललं. बरं, ते वाक्य असतं बेरजेच्या चुकीसाठी. गिऱ्हाइकाला घरातून बाहेर काढणारी किंमतच चुकली, तर तळाच्या चार अक्षरांमागे लपता येत नाही.

सगळ्यात आधी एक प्रकार बाजूला काढू, कारण त्यात वादच नाही. तुमचं छोटं सुपरमार्केट आहे. ऑफर रविवारी संपली, कॉम्प्युटरमध्ये नवीन भाव आला, पण शेल्फवरची पट्टी कोणी बदलली नाही. पट्टीवर ८५, बिलात ९९. गिऱ्हाईक काउंटरवर म्हणतं, "तिथे तर पंच्याऐंशी लिहिलंय." अशा वेळी पोराला शेल्फकडे पाठवून, पट्टीचा फोटो मागवून वाद घालत बसणारे मालक मी पाहिलेत. मागे सहा माणसांची रांग. अहो, चौदा रुपयांसाठी? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीची जी कारणं दिलीत, त्यात हे सरळ लिहिलंय. वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं, किंवा दुकानात लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त घेतलं, तर गिऱ्हाईक तक्रार करू शकतं. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण स्वतः लावलेल्या भावालाही आपण बांधलेले असतो हे लक्षात राहत नाही. पंच्याऐंशी घ्या, पट्टी बदला, पुढचं बिल करा.

खरा प्रश्न आहे तो जाहिरातीतल्या चुकीचा. इथे कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा थोडा सैल आहे. बीबीएला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. तेव्हा तो परीक्षेपुरता वाचला आणि दुकान काढल्यावर परत उघडला. त्याचं सार असं की जाहिरात किंवा शेल्फवर मांडलेला माल हा साधारणपणे तुमचा 'प्रस्ताव' धरला जात नाही. ते गिऱ्हाइकाला दिलेलं आमंत्रण असतं. या, बघा, मागा. गिऱ्हाईक मागतं तो प्रस्ताव, आणि तुम्ही 'हो' म्हणता तेव्हा करार होतो. इंग्लंडच्या कोर्टानं १९५३ साली बूट्स या औषधांच्या दुकानाच्या खटल्यात हेच धरलं होतं आणि तो खटला आपल्याकडच्या पुस्तकांतही शिकवतात. म्हणजे नुसती किंमत चुकीची छापली म्हणून प्रत्येकाला त्या भावात माल द्यायलाच हवा, असं सरसकट नाही.

पण यावर उड्या मारू नका. त्याच करार कायद्यात असंही आहे की फक्त एका बाजूची चूक झाली, एवढ्याच कारणावरून झालेला करार मोडता येत नाही. म्हणजे 'हो' म्हणेपर्यंत तुम्ही मोकळे, 'हो' म्हटल्यावर बांधलेले. आणि आजच्या धंद्यात 'हो' कुठे म्हटलं जातं, ते बघा. व्हॉट्सअॅपवर कोणी फोटो पाठवून विचारतं, "हा सेट हवा." तुम्ही गर्दीत न बघता टाइप करता, "ओके, पाठवतो." झाला तुमचा होकार. इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या, घरून केक करणाऱ्या ताईंनी हे खास लक्षात ठेवा. किंमत बघितल्याशिवाय 'ओके' लिहू नका. "स्टॉक आणि किंमत बघून कळवते" एवढं वाक्य फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि क्यूआर कोड त्यानंतर पाठवा, आधी नाही.

आता विश्वास बसेल अशी किंमत आणि हसू येईल अशी किंमत, यात फरक कसा करायचा? दोन प्रकरणं सांगतो, मग हातात काहीतरी माप येईल.

पहिलं सिंगापूरचं. २००३ च्या जानेवारीत तिथल्या एका वेबसाइटवर एचपीचा लेझर प्रिंटर, मूळ किंमत ३,८५४ सिंगापूर डॉलर, चुकून ६६ डॉलरला लागला. रात्रीत बातमी पसरली. त्यातल्या फक्त सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. घरी कोण इतके प्रिंटर वापरतं! कॉम्प्युटरनं त्यांना ऑर्डर पक्की झाल्याचे ईमेलही पाठवले होते. कंपनीनं माल द्यायला नकार दिला, हे सहा जण कोर्टात गेले आणि हरले. हायकोर्टानं २००४ मध्ये आणि अपील कोर्टानं २००५ मध्ये सांगितलं की ही चूक आहे हे या लोकांना माहीत होतं. समोरच्याची चूक डोळ्यांनी दिसत असताना तिच्यावर झडप घातली, तर कायदा पाठीशी उभा राहत नाही.

दुसरं आपल्याकडचं, ओडिशाचं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका विद्यार्थ्याला अॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्यानं ऑर्डर केली, ती पक्की झाल्याचा संदेश आला आणि थोड्या वेळात किमतीतल्या चुकीचं कारण देऊन ती रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला. २०२१ मध्ये राज्य आयोगानं त्याला भरपाई, दंड आणि खर्च मिळून ४५,००० रुपये द्यायला सांगितलं.

दोन्ही किमती हास्यास्पदच, मग निकाल वेगळे का? देश वेगळे, कायदे वेगळे, हे आहेच. पण दुकानदाराच्या नजरेनं मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, सिंगापूरच्या सहा जणांची नियत त्यांच्या आकड्यातच दिसत होती. आणि इकडे पोरानं आपल्यापुरता एक लॅपटॉप मागितला होता. दुसरी जास्त महत्त्वाची. ओडिशात पैसे मिळाले ते आधी हो आणि नंतर नाही म्हटल्याचे, झालेल्या त्रासाचे. १९० रुपयांत लॅपटॉप द्या असं काही कंपनीला करावं लागलं नाही. हो म्हणून नाही म्हणणं हे नुसत्या नाहीपेक्षा कायम महाग पडतं. मोठ्या कंपनीला ४५,००० म्हणजे चहापाणी. तुमच्या-माझ्यासाठी ते दुकानाचं दोन-तीन महिन्यांचं भाडं आहे.

आता ज्या चुकीनं दुकानदाराची खरी झोप उडते, तिच्याकडे येतो. १९० रुपयांच्या लॅपटॉपचा निर्णय सोपा असतो. अवघड असतो तो अगदी पटण्यासारख्या चुकीचा.

माझ्या एका बॅचमधल्या ताईंचं तालुक्याच्या गावात भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी ५,००० हँडबिलं पेपरमध्ये टाकली. स्टीलचा तीन लिटरचा कुकर, ऑफर किंमत १,९१० रुपये. छापून आलं १,१९०. आकडे उलटे पडले. आणि १,१९० ही किंमत दिवाळीत कोणालाही खरी वाटेल. सकाळी साडेनऊला दोन बायका हँडबिल घेऊन आल्या. काउंटरवर ताईंचे दीर. ते म्हणाले, "मावशी, छपाईची चूक आहे ती." दोघी काही न बोलता बाहेर पडल्या. बाहेर पडताना एकीनं हँडबिलाची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि ताई म्हणतात की त्यांना त्या घडीचीच भीती वाटली. ते हँडबिल आता गल्लीत फिरणार, दुकानाच्या नावासकट.

त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, आधी कागद घ्या. खरेदी किती? १,६२०. मग एका कुकरमागे खिशातून जाणार ४३० रुपये. त्यांच्या दिरांचा हिशेब होता ७२० चा, कारण ते १,९१० मधून १,१९० वजा करत होते. ही गल्लत जवळजवळ सगळेच करतात. न मिळालेला नफा आणि गेलेले पैसे हे एकाच खात्यात टाकायचे नसतात. २९० रुपये नफा मिळाला नाही याचं वाईट वाटणं ठीक आहे, पण गल्ल्यातून जाणार ते ४३० च. मग विचारलं, हँडबिलाची छपाई आणि पेपरवाल्याचे मिळून किती गेले? साडेसहा हजार. म्हणजे माणूस दुकानात यावा म्हणून तुम्ही साडेसहा हजार आधीच घालून बसलात. आता माणूस आलाय आणि तुम्ही त्याला दारातून परत पाठवताय.

ताईंनी ठरवलं ते असं. हँडबिल घेऊन येईल त्याला, घरटी एक कुकर, दुपारी दोनपर्यंत १,१९० लाच. दारात पाटी लावली: "हँडबिलातील कुकरची किंमत चुकीची छापली आहे. योग्य किंमत १,९१०. हँडबिल घेऊन आलेल्यांना आज २ वाजेपर्यंत छापील किमतीतच मिळेल, एका घराला एक." हाच मजकूर व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर. सकाळच्या दोघींपैकी एक ओळखीची होती, तिला निरोप पाठवून दोघींना परत बोलावलं. दोनपर्यंत चौदा कुकर गेले. चौदा गुणिले ४३०, सहा हजार वीस रुपये. चौदा जणांपैकी काहींनी ताट-वाटी घेतली, काहींनी फक्त कुकर घेतला आणि गेले. सगळ्यांनी भरभरून खरेदी केली अशी गोड गोष्ट मी सांगणार नाही. पण त्या दिवशी काउंटरवर भांडण झालं नाही, आणि धनत्रयोदशीच्या दिवशी भांड्याच्या दुकानात भांडण न होणं याची किंमत ज्याचं दुकान आहे त्याला विचारा.

बिल १,१९० चंच केलं, हेही सांगतो. काही जण अशा वेळी बिल मूळ किमतीचं करतात आणि फरक हातानं परत देतात. करू नका. जेवढे घेतले तेवढ्याचंच बिल. जीएसटीही गिऱ्हाइकाकडून खरोखर घेतलेल्या किमतीवरच लागतो.

एक माणूस सहा हँडबिलं घेऊन आला होता. सहा कुकर द्या म्हणाला. चौकशी केल्यावर कळलं, दोन गल्ल्या सोडून एका दुकानदारानं पाठवलेला. ताईंनी त्याला एकच दिला. तो म्हणाला, हँडबिलावर कुठे लिहिलंय एका घराला एक? त्याचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, तरी मी ताईंच्या बाजूनं आहे. छापील किंमत पाळायची ती त्या कागदावर विश्वास ठेवून घरातून निघालेल्या माणसासाठी. दुसऱ्याच्या चुकीचा घाऊक माल करणाऱ्यासाठी नाही. सिंगापूरचे ते सहा जण आणि हा सहा हँडबिलवाला, एकाच जातीचे.

मला यावर हमखास विचारतात, "सर, असं पाळत बसलो तर लोकांना सवय लागेल." कसली सवय? तुमच्या हँडबिलात चुका शोधायची? तुम्ही दर महिन्याला चुका छापत असाल तर प्रश्न लोकांच्या सवयीचा राहत नाही, तुमच्या सवयीचा होतो.

पण दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. "माझं भांडवलच दोन लाख आहे, हे पाळलं तर मी बुडेन." हे खरं असू शकतं. समजा, तुमचं मोबाइलचं दुकान आहे, मार्जिन दोन-तीन टक्के, आणि १४,९९९ चा फोन ११,९९९ छापला गेला. पटण्यासारखी किंमत आहे. वीस फोन गेले तर पन्नास हजारांच्या वर फटका. काही ट्रेनर इथेही 'ग्राहक देव आहे' म्हणून टाळ्या घेतील. मी नाही म्हणणार. दुकानच राहिलं नाही तर देवाला नैवेद्य कोण दाखवणार? अशा वेळी तुम्हाला झेपेल तेवढा आकडा आधी ठरवा. पहिले तीन फोन, किंवा प्रत्येकाला हजार रुपयांची सूट, जे काही असेल ते. मग ते सगळ्यांना सारखंच लागू करा आणि लेखी लावा. ओळखीच्याला छापील भावात आणि अनोळख्याला 'चूक आहे' हे केलंत, की आधी जी छपाईची चूक होती ती आता तुमची लबाडी झाली.

आणि अगदी हास्यास्पद चूक असेल, ६५० च्या कुर्त्याला ६५ वगैरे, तर सरळ सांगा. "शून्य राहिलंय, माफ करा, किंमत ६५० आहे." कोणी ऑनलाइन पैसे भरून बसलं असेल तर पूर्ण पैसे त्याच तासात परत, स्क्रीनशॉटसकट. त्याच्या बदल्यात "पुढच्या खरेदीत अॅडजस्ट करू" हे वाक्य तोंडातूनही काढू नका. पैसे त्याचे आहेत. वेबसाइटवरून विकत असाल तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही वाचून ठेवा. गिऱ्हाइकानं ऑर्डर रद्द केली म्हणून त्याच्याकडून शुल्क घ्यायचं असेल, तर तुम्ही एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क तुम्हालाही सोसावं लागतं.

एक जमात उरली, तिच्याबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. ही मंडळी चूक करतच नाहीत, चुकीचं नाटक करतात. "शर्ट फक्त ९९" असा भलामोठा फ्लेक्स. आत गेलं की "तो स्टॉक सकाळीच संपला, हा बघा ३९९ चा." नव्व्याण्णवचे दहा शर्ट होते की नव्हते, देव जाणे. अशी आमिषाची जाहिरात केंद्र सरकारच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. त्या किमतीला विकायची खरी तयारी आणि पुरेसा माल असेल तरच तशी जाहिरात करता येते. माल कमी असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. २०१९ चा कायदाही, ज्या भावात विकायचा विचारच नाही त्या सवलतीची जाहिरात ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. मला राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. या लोकांमुळे खरी चूक झालेल्या दुकानदारावरही कोणी विश्वास ठेवत नाही. ताईंच्या दुकानातून न बोलता बाहेर पडलेल्या त्या दोघी मनात काय म्हणाल्या असतील? "हे पण तसलेच." त्यांचा काय दोष?

म्हणून हँडबिलावर "चू. भू. द्या. घ्या." ऐवजी तीन गोष्टी छापा असं मी सांगतो. ऑफर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती नग आहेत, आणि एका गिऱ्हाइकाला किती मिळतील. "स्टॉक असेपर्यंत" हे मोघम झालं, "२५ नग" हे स्पष्ट झालं. चूक झालीच तर नुकसानाला आपोआप कुंपण पडतं. पंचवीस नगांच्या वर ते जाऊच शकत नाही.

राहिला प्रिंटर. ताईंचे दीर त्या दिवशी प्रिंटरकडे नुकसानभरपाई मागायला निघाले होते. मी विचारलं, प्रूफ कोणी बघितलं? व्हॉट्सअॅपवर आलं होतं, ताईंच्या मुलानं "मस्त" असं लिहून अंगठा पाठवला होता. त्या प्रूफमध्येच १,१९० होतं. मग प्रिंटरकडे काय मागणार? प्रूफ बरोबर असून छपाईत आकडा बदलला असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा निदान छपाई फुकट करून घेता आली असती. आता त्या प्रूफ आलं की किमती मोठ्यानं वाचतात, समोर बसलेला माणूस खरेदीच्या वहीतून ताळा करतो, आणि मगच 'छापा' म्हणून निरोप जातो. मुलाकडे डिझाइन ठेवलंय, अंगठा काढून घेतलाय.